फुफाट्याचा मान

कच्च्या रस्त्यावर दोन-चार गाड्या मिळून निघाल्या की कुठं जायचं हा प्रश्न दुय्यम होतो. पुढं कोण राहणार, हा खरा प्रश्न. डांबरी रस्त्यावर तो कुणी विचारत नाही. ज्याच्या गाडीत दम आणि डोक्यात वारं, तो पुढं जातो आणि बाकीचे त्याच्या नावानं बोटं मोडत मागून येतात. ढाणकी सोडून बिटरगावच्या अंगानं आत शिरलं की मात्र पुढच्याला जंगल दिसतं आणि मागच्याला पुढच्याचा फुफाटा. त्यामुळं पुढं राहणं हा मान होतो, आणि मान म्हटला की रुसवा आलाच.

आमच्यात तो गाव सुटायच्या आधीच आला. दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती, आणि या दोन सणांच्या मधल्या शनिवार-रविवारी ढाणकीच्या शाळेतले आम्ही जुने सोबती एकत्र जमलो होतो. काहीजण बाहेरगावी गेलेले, काहीजण गावातच राहिलेले. बाहेर गेलेल्यांनी ग्रुपवर बेत ठरवायचा आणि गावातल्यांनी सामान, गाड्या आणि डिझेल बघायचं, अशी कामाची वाटणी नेहमीप्रमाणं आपोआप झाली. एक जुनी जीप, तिची मागची काच अर्ध्यावर अडकलेली, आणि तीन मोटारसायकली. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेला सोबती या बेताला ऑफरोडिंग म्हणत होता. त्यासाठी त्यानं घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघ्याला बांधायच्या ढाली आणि पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी तोंडापर्यंत, असा सरंजाम आणला होता. आमच्यातले गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत आणि त्यांची शाळा याच रस्त्यावर, बंदी भागात. बंदी भाग म्हणजे उमरखेड तालुक्यातली पैनगंगेच्या जंगलातली गावं. गुरुजींनी ते बूट वरपासून खालपर्यंत निरखले, आपल्या पायातली चप्पल बघितली आणि विचारलं, "मंग मी रोज काय करतो?"

बाकीची मंडळी अशी. एक मेडिकलवाला, जो कुठंही निघाला तरी पिशवीत जुलाबाच्या गोळ्या आणि मलम घेऊन निघतो. एक शेतकरी, ज्याच्या वावरातल्या कोठ्यावर मुक्काम करायचा होता. नागपूरचा एक बँकवाला. आणि एक कंत्राटदार. तो मोऱ्यांची, खडीकरणाची, लहानसहान रस्त्यांची कामं घेतो. मोठा माणूस नाही, बिलासाठी चपला झिजवणाऱ्यांपैकी आहे. पण रस्त्याचा विषय निघाला की तो हमखास खिडकीबाहेर बघायला लागतो आणि त्याला कुठलातरी पक्षी दिसतो. त्या दोन दिवसांत त्यानं जेवढे पक्षी बघितले तेवढे वनखात्यानंही मोजले नसतील.

तर पुढं कोण? पुणेकराचं म्हणणं, ज्याची तयारी जास्त त्यानं पुढं. बँकवाल्याचं म्हणणं, पाहुणे पुढं, गाववाले मागं. मेडिकलवाल्याचं म्हणणं, औषधं मागं असावीत म्हणजे पडणारा औषधाच्या वाटेत पडतो. मात्र मागं राहायला तो स्वतः तयार नव्हता, पिशवी दुसऱ्याकडं द्यायला तयार होता. शेवटी गुरुजींनी बोट तोंडात घालून ओलं केलं, वर धरलं आणि म्हणाले, "वारा डाव्या हातानं हाय. उजव्या चाकोरीनं चालाल त धूळ खासाल. डाव्या चाकोरीनं चला, धूळ वावरात जाते." एवढ्या साध्या गोष्टीनं वाद मिटला. रोज जाणाऱ्याला रस्ता पाठ असतो हे आपल्याला ठाऊक असतं. त्याला वाराही पाठ असतो, हे लक्षात येत नाही.

गावापासून थोडं अंतर डांबर आहे. पण दसऱ्यानंतर त्या डांबराचा अर्धा हक्कच गाड्यांना उरतो. बाकी अर्ध्यावर सोयाबीन वाळत पडलेलं असतं. कडेनं दगडांची रांग, तिच्या आत पिवळट दाण्यांचा पसारा, आणि त्यातून अनवाणी पाय ओढत दाणे उलटे-पालटे करत चाललेली एखादी बाई. तिच्या पायांमागं दाण्यांत दोन समांतर नाल्या पडत जातात, ती परत फिरली की त्या बुजतात आणि शेजारी नव्या उमटतात. शेतकऱ्याला इतकं सपाट, तापलेलं आणि फुकटचं खळं दुसरं कुठं मिळणार? हडंब्यातून माल निघाला की ओल मोडल्याशिवाय व्यापारी हात लावत नाही, आणि ओल मोडायला डांबरासारखी जागा नाही. त्यामुळं पक्क्या रस्त्यावर आम्ही अर्ध्या रुंदीत, हॉर्न न वाजवता, माफी मागितल्यासारखे चाललो होतो. खडी लागली तेव्हा सगळा रस्ता आमचा झाला. खडीवर कोण सोयाबीन टाकतो? मुरूम मिसळला की भाव गेला. गाडीवाल्याच्या वाट्याला अखंड रस्ता हवा असेल तर तो कच्चाच असायला हवा, हे या भागातलं सुगीच्या दिवसांपुरतं सत्य आहे.

खडीचा रस्ता पावसाळ्यानंतर बघावा. उन्हाळ्यात वर मुरूम असतो, रोलर फिरलेला असतो, आणि पहिले काही दिवस तो अगदी गुळगुळीत तांबडा दिसतो. चार महिने पाणी त्याच्यावरून वाहिलं की मुरूम बाजूच्या वावरात जातो आणि खाली दडलेली खडी दात काढून वर येते. पुणेकर पहिल्यांदा इथंच आडवा झाला. वेग नव्हता म्हणून लागलं नाही. ढाली मात्र कामाला आल्या, आणि त्याचा त्याला इतका आनंद झाला की पुढं बराच वेळ तो पडण्याविषयीच बोलत होता.

सगळ्यांना जेरीला आणलं ते लाटांनी. धुणं धुवायच्या लाकडी फळीसारख्या आडव्या लाटा, हातभर अंतरानं, एकामागून एक. त्यावरून जीप गेली की बोलणाऱ्याचा आवाज तंबोऱ्यासारखा घुमतो आणि खोटे दात असतील तर ते तोंडातल्या तोंडात टाळ्या वाजवतात. बँकवाल्यानं निदान केलं, की काम निकृष्ट. कंत्राटदाराला तेवढ्यात पक्षी दिसला. पण या बाबतीत तो निर्दोष आहे, हे मला तेव्हाच सांगायला हवं होतं असं नाही, पण सांगितलं. या लाटांचा चक्क अभ्यास झाला आहे. टोरांटो, केंब्रिज आणि लिआँच्या भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूच्या गोल वाटेवर एक चाक पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं आणि २००९ साली निष्कर्ष छापला. एका ठरावीक वेगाच्या वर चाक गेलं की कोरड्या, सुट्या पृष्ठभागावर लाटा उठतातच. वाळूच्या जागी तांदूळ घ्या, चाकाला स्प्रिंग लावा, काढा, फरक पडत नाही. त्या वेगाच्या खाली मात्र लाट उठत नाही, आणि तो वेग माणसाच्या भराभर चालण्याच्या आसपास येतो.

म्हणजे बैलगाडी. बैलगाडीनं रस्त्याला खोल चाकोऱ्या पाडल्या असतील, पण लाट कधी पाडली नसेल. गुरुजींना हे शास्त्र फार आवडलं. त्यांनी ते सोमवारी परिपाठात सांगायचं ठरवलं. बँकवाला म्हणाला, "म्हणजे आपणच सगळे रस्ता खराब करतो आणि आपणच सरकारला शिव्या देतो." कंत्राटदारानं पक्षी सोडून पहिल्यांदा आत बघितलं आणि त्याला एक केळं दिलं.

खडीच्या रस्त्याची रीत मुळात स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमची. १७५६ ते १८३६ हा त्याचा काळ. त्याच्या आधी रस्त्याखाली मोठमोठे धोंडे रचायची पद्धत होती. मॅकॅडम म्हणाला, धोंडे नकोत. जमीन उंच आणि कोरडी ठेवा, पाण्याला बाजूला वाट द्या, आणि वर लहान फोडलेली खडी टाका. चाकंच ती घट्ट करतील. खडी किती लहान? कुठलाही तुकडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण पावणेदोनशे ग्रॅमपेक्षा जड नको. आजही आपल्या कागदपत्रांत खडीकरणाला त्याचंच नाव आहे, आणि आजही ज्या रस्त्याच्या बाजूला पाण्याला वाट दिलेली नसते तो दुसरा पावसाळा बघत नाही. बिटरगावच्या पुढं आमच्या पायांखाली जी खडी होती तिच्यातले काही तुकडे मॅकॅडमनं हातात घेऊन परत केले असते.

पण या भागातली सगळीच खडी यंत्रावरची नाही. मुक्कामाला ज्या कोठ्यावर जायचं होतं त्याच्या अलीकडं एक जुना तुकडा आहे, त्यावर शेतकरी सोबत्यानं जीप थांबवली. म्हणाला, "हे माह्या आजीचं काम." १९७२ च्या दुष्काळात या तुकड्याची खडी बायांनी फोडली. हातात हातोडी, जुन्या टायरची एक कडी, कडीत दगड धरायचा म्हणजे तो उडत नाही आणि बोटं वाचतात, आणि कपाळावरचा पदर डोळ्यांवर ओढून घ्यायचा म्हणजे कपच्या डोळ्यांत जात नाहीत. ढीग ब्रासमध्ये मोजला जायचा. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आजी म्हणायची, की मोजणारा आला की बाया ढिगाच्या मधोमध हळूच पोकळी सोडून वरून खडी रचायच्या, आणि मोजणारा पाय मारून बघायचा, आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक असायचं. दुष्काळातल्या गोष्टी सांगताना ती एवढ्या एकाच ठिकाणी हसायची.

तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, इथलेच, पुसदजवळच्या गहुलीचे. मागेल त्याला काम, या कल्पनेच्या मागं विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. दुष्काळात लाखो हात या कामांवर लागले आणि त्यातून गावोगावचे रस्ते, बांध, पाझर तलाव उभे राहिले. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ मध्ये देशानं आपला कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. इतका मोठा इतिहास, आणि त्याचा एक फर्लांग आमच्या जीपच्या चाकांखाली होता. पुणेकर खाली उतरला, त्यानं एक खडा उचलला, तळहातावर तोलला आणि खिशात घालायला लागला. शेतकरी म्हणाला, "ठेव लेका तिथंच. आजीनं मोजून देल्लाय."

जंगलाचा भाग सुरू झाला की साग दोन्ही बाजूंनी जवळ येतो आणि मोबाइल मुका होतो. पैनगंगा अभयारण्याची ही हद्द. इथं रस्ते कच्चे राहण्याचं कारण नुसती उदासीनता नाही, हे गुरुजींनी आम्हाला शिकवायच्या आवाजात सांगितलं. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानं जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर केंद्राची मंजुरी लागते. मग २००६ च्या वनहक्क कायद्यानं एक फट ठेवली: रस्ता, शाळा, दवाखाना, अशा गावाच्या गरजांसाठी दर कामाला एक हेक्टरच्या आतली जमीन आणि हेक्टरी पंचाहत्तरपर्यंतची झाडं असतील तर ग्रामसभेच्या शिफारशीवर काम मार्गी लागू शकतं. "ठराव आम्हीच लिहून देतो," गुरुजी म्हणाले, "अक्षर चांगलं हाय म्हणून." त्यांच्या शाळेतल्या मुलांना या कायद्यांची नावं पाठ नाहीत, पण गावातली पहिलटकरीण आठव्या महिन्यात कुण्या नातेवाइकाकडं उमरखेडला नेऊन ठेवतात, हे त्यांना ठाऊक असतं. मेडिकलवाला एरवी फार बोलतो. इथं तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, की पावसाळ्यात त्याच्याकडून गोळ्या नेणारे लोक एकदम महिनाभराच्या नेतात, उधारीवर, आणि तो देतो.

पुणेकराला मग ऑफरोडिंग हा शब्द जरा जड जायला लागला. त्यानं तो टाकला आणि 'राइड' म्हणायला लागला. गावातल्यांनी काही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर गावातल्या मंडळींनाही त्या दिवशी मजा येत होती, गुरुजींनाही. रोज ज्या नाल्यात त्यांचा जीव टांगणीला लागतो त्याच नाल्यात ते दोन्ही पाय वर घेऊन, पाणी उडवत, शाळकरी पोरासारखे ओरडत गेले. पलीकडं जाऊन मागं वळून म्हणाले, "टोंगळ्याएवढंच हाय, या!" टोंगळ्याएवढं पाणी कुणाच्या टोंगळ्याएवढं, हा प्रश्न बँकवाल्यानं नाल्याच्या मध्यावर विचारला, तेव्हा त्याचं उत्तर त्याला मिळालेलं होतं.

या रस्त्यांची एक रीत मला डांबरावर कुठं दिसली नाही. फाटा आला की पुढचा थांबतो. मागचा दिसेपर्यंत, किंवा त्याचा फुफाटा दिसेपर्यंत, हलत नाही. नकाशात रस्ता एकच असतो. जमिनीवर तो तीन ठिकाणी फुटलेला असतो, एक बैलगाडीचा, एक ट्रॅक्टरचा, एक पाण्याचा. मागच्याला कळणार कसं? म्हणून थांबायचं. गाडी बंद करायची, तंबाखू मळायची, आणि वाट बघायची. आमच्या सोबत्यांचा ग्रुप मोबाइलवर रोज सकाळी फुलं पाठवतो, वाढदिवसाला केक पाठवतो. पण एकमेकांशी सरळ बोलणं झालं ते या फाट्यांवर. बँकवाल्याच्या मुलाचं इंजिनिअरिंग सुटलंय, हे एका मोहाच्या झाडाखाली कळलं. शेतकऱ्यानं यंदा पऱ्हाटी कमी करून हळद लावलीय, ते दुसऱ्या फाट्यावर. आणि कंत्राटदाराचं बिल दोन वर्षं अडकलंय हे त्यानं सांगितलं तेव्हा आजूबाजूला पक्षी भरपूर होते, त्यानं एकाकडंही बघितलं नाही.

गुरुजी म्हणतात, ही रीत एसटीच्या ड्रायव्हरांनी घालून दिली. आतल्या गावाची गाडी शेवटच्या थांब्यावर फुफाट्याकडं बघते. लांबून कुणी धावत येतंय असा धुळीचा लहानसा लोट दिसला तर ड्रायव्हर थांबतो, शिव्या देतो, पण थांबतो. पैनगंगेच्या या बाजूला धूळ ही अशी कामाचीही आहे.

सहस्रकुंडाला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, विदर्भ-मराठवाड्याची शीव आखत पुढं येते आणि इथं काळ्या कातळावरून अनेक धारांनी खाली कोसळते. वर ईसापूरचं धरण आहे, त्यामुळं पाणी किती असेल हे पावसाएवढंच धरणावरही असतं. पलीकडचा काठ नांदेड जिल्ह्याचा, किनवट तालुक्यातलं इस्लापूर तिकडं. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेवर सहस्रकुंड नावाचं स्टेशन आहे, आणि बहुतेक पर्यटक त्याच अंगानं येतात. त्यामुळं दृश्य असं होतं: मधे धबधबा, पलीकडं स्वच्छ इस्त्रीचे कपडे घातलेली कुटुंबं, अलीकडं आम्ही, भुवयांपासून बुटांपर्यंत एकाच तांबड्या रंगाचे. पलीकडच्या लोकांनी धबधब्याचे फोटो काढले आणि मग, मला स्पष्ट दिसलं, आमचेही काढले.

एकेकाळी हे दोन काठ म्हणजे दोन राज्यं होती. अलीकडं इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड, पलीकडं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची हैदराबाद रियासत. १९५६ मध्ये दोन्ही काठ एका राज्यात आले. तरी सोयरीक जुळवताना ढाणकीत अजून 'नदीपल्याडचे' असं म्हणतात, आणि त्यात थोडा संशय, थोडं कौतुक असतं. नांदेडला स्थायिक झालेला आमचा एक सोबती डांबरी रस्त्यानं पलीकडच्या काठावर आला होता. तो तिथून हात करत होता, आम्ही इकडून. पाण्याच्या आवाजात त्याला काही ऐकू जात नव्हतं, म्हणून मेडिकलवाल्यानं त्याला निवांतपणे सगळ्या शाळकरी शिव्या देऊन घेतल्या.

रात्री कोठ्यावर रोडगे. विदर्भात चार सोबती वावरात जमले आणि रोडगे झाले नाहीत तर जमल्याची नोंद होत नाही. गव्हाचं जाडंभरडं पीठ, त्याचे पदर घालून केलेले गोळे, आणि गोवऱ्यांचा विस्तव. विस्तव लाल होऊन राख धरेपर्यंत थांबावं लागतं. घाई केली की वरून कोळसा, आतून कणीक. शेतकऱ्यानं विस्तव पसरला, गोळे ठेवले, वरून राख लोटली आणि काठीनं एकेकाला कुशीवर वळवत बसला. बाजूला वांग्याची भाजी, तर्री वर आलेली. रोडगा तयार झाला की तो फडक्यात घेऊन झटकायचा, दोन्ही तळव्यांत दाबून फोडायचा, वाफ निघते त्या भेगेत तूप सोडायचं. पुणेकरानं काटेकोर प्रश्न विचारला, की राख पूर्ण झटकली जाते का. शेतकरी म्हणाला, "दिवसभर काय खाल्लं मंग?"

रविवारी परत निघताना मान कुणाला, यावर वाद झाला नाही. सगळ्यांनी गुरुजींना पुढं केलं.

जंगल संपायच्या आत एक नाला आहे, त्यावरचा रपटा पावसात अर्धा वाहून गेलेला. आम्ही तिथं थांबलो ते मागच्यांसाठी, पण थांबलेली जीप, खाली उतरून नाल्याकडं बघणारी माणसं आणि त्यातल्या एकाच्या पायात भारी बूट, हे बघून वावरातून एक म्हातारे आजोबा लगबगीनं आले. धोतर वर खोचलेलं, हातात विळा. त्यांनी आम्हाला रामराम केला आणि विचारलं, "मोजाले आले का साहेब?"

आमच्यातला कुणी काही बोलेना. बँकवाला म्हणाला, "नाही बाबा, आम्ही फिरायला आलोय." आजोबांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. या रस्त्यावर फिरायला कुणी येत असेल यावर विश्वास ठेवायचं त्यांना काही कारण नव्हतं. साहेब लोक कामाचं खरं सांगत नसतात एवढं त्यांनी आयुष्यात बघितलं होतं. ते थेट पुणेकराकडं वळले, बुटांमुळं तोच मोठा साहेब असणार. "लिहून घ्या," ते म्हणाले. "मागच्या बारीला पाइप टाकले ते लहान पडले. पाणी वरून गेलं न् इकडून, ह्या कोपऱ्यातून, खाल्लं. धुऱ्यापर्यंत आलं माह्या. इथून नका टाकू, चार पावलं वर टाका, तिथं खडक हाय खाली." त्यांनी चार पावलं चालून दाखवली आणि विळ्याच्या टोकानं जमिनीवर रेघ मारली. मग पुन्हा म्हणाले, "लिहून घ्या नं."

पुणेकरानं आमच्याकडं बघितलं. गुरुजींनी सवयीनं खिशातून पेन काढला. कागद म्हणून त्यांच्याजवळ कालची यादी होती, वांगी, जाडं पीठ, तूप, गोवऱ्या, काडीपेटी. तिच्या मागं त्यांनी नाल्याचं नाव लिहिलं, आजोबांचं नाव विचारून लिहिलं, कोपरा, धुरा, चार पावलं वर, खडक, असं एकेक मांडत गेले. आजोबा वाकून अक्षराकडं बघत होते, वाचता येत नसलं तरी ओळी किती झाल्या हे बघत होते. गुरुजींनी शेवटी विचारल्यासारखं मोठ्यानं म्हटलं, "पाइप... सहाशेचा लिहू?"

कंत्राटदार इतका वेळ पलीकडच्या सागाच्या शेंड्याकडं बघत उभा होता. तो तसाच, मान न वळवता म्हणाला, "सहाशेचा पुरणार नाही. नवशेचा लिही. आणि दोन ओळी टाक."